कर्ज ‘सँक्शन’ झालं तर पेढे, मग इराणवर ‘सँक्शन्स’ कसे लागतात?

बँकेचा ‘युवर लोन इज सँक्शन्ड’ असा मेसेज आला की घरात पेढे येतात. टीव्हीच्या पट्टीवर ‘यूएस सँक्शन्स इराण’ अशी ओळ सरकली की तेलाच्या बाजारात खळबळ उडते. पहिल्या वाक्यात कुणीतरी होकार दिलाय, दुसऱ्यात कुणीतरी कुणाची तरी नाडी आवळलीय. शब्द तोच, स्पेलिंग तेच, उच्चारही तोच.

यातला पहिला अर्थ आपल्या अंगवळणी पडलाय. तो कुणी शाळेत शिकवला नाही. तो कचेरीतून, बँकेतून आणि वीजबिलातून घरात आला आणि मराठीत मुरला. ‘साहेबांनी रजा सँक्शन केली’ हे वाक्य म्हणणाऱ्याला आपण इंग्रजी बोलतोय असं वाटतसुद्धा नाही. दुसरा अर्थ आला पेपरातल्या परराष्ट्र पानावरून, तोही मागाहून. त्यामुळे इंग्रजी बातमी वाचताना मन आधी ‘मंजुरी’कडे धावतं आणि तिथेच फसतं. शब्दाला शब्द लावत गेलं तर ‘अमेरिकेने इराणला मंजुरी दिली’ असं उफराटं वाक्य तयार होतं.

आधी ओळखीच्या अर्थाकडे बघू, कारण ओळखीचा असला तरी तो आपल्याला पुरता समजलेला असतोच असं नाही. सँक्शन म्हणजे अधिकार असलेल्या माणसाने दिलेली रीतसर मंजुरी. यात ‘अधिकार असलेल्या’ आणि ‘रीतसर’ हे दोन्ही महत्त्वाचे. शेजाऱ्याने ‘घ्या की माझी गाडी’ म्हटलं तर ती परमिशन. तिला सँक्शन म्हणत नाहीत. सँक्शनमागे कागद असतो, सही असते, बहुतेक वेळा जावक क्रमांक असतो. आणि ती मंजुरी असते, वस्तू नव्हे. कर्जाच्या बाबतीत बरेच जण इथेच गोंधळतात.

गृहकर्जाचं सँक्शन लेटर हातात आलं म्हणजे पैसे हातात आले असं नाही. त्या पत्रात बँक सांगते की तुमचं उत्पन्न, वय, आधीचे हप्ते बघून आम्ही अमुक रकमेपर्यंत, अमुक व्याजदराने, अमुक वर्षांसाठी कर्ज द्यायला तयार आहोत. खाली अटींची यादी असते: घराचे कागद वकिलाकडून तपासून घेतले जातील, मूल्यांकन होईल, तुमचा वाटा तुम्ही आधी भराल. पत्राला मुदतही असते. ती टळली तर पुन्हा कागदपत्रं, पुन्हा चकरा. प्रत्यक्ष पैसे सुटतात त्याला बँकेच्या भाषेत डिसबर्समेंट म्हणतात आणि बांधकाम चालू असलेल्या इमारतीत ते स्लॅब पडतील तसे टप्प्याटप्प्याने सुटतात. त्यामुळे सँक्शन ५० लाखांचं आणि हातात आलेले १५ लाख, हे चित्र अगदी नेहमीचं.

व्यापाऱ्यांना हा फरक दर महिन्याला भेटतो. समजा, मार्केट यार्डातल्या एका दुकानदाराची कॅश क्रेडिटची, म्हणजे मालाच्या तारणावर लागतील तसे पैसे उचलायच्या कर्जाची, लिमिट ३० लाखांची सँक्शन आहे. महिनाअखेरीस तो बँकेला स्टॉक स्टेटमेंट देतो: दुकानात माल ४० लाखांचा, पण त्यातला ८ लाखांचा माल उधारीवर उचललेला, त्याचे पैसे अजून द्यायचेत. बँक तेवढा माल वजा करते, उरले ३२ लाख. त्यावर २५ टक्के मार्जिन, म्हणजे दुकानदाराने स्वतः घालायचा वाटा, कापलं की राहिले २४ लाख. याला म्हणायचं ड्रॉइंग पॉवर. येणं असलेली बिलंही बँक त्यात धरू शकते, पण हिशेब सोपा ठेवायचा म्हणून आपण ती बाजूला ठेवली. सँक्शन ३० चं असलं तरी खात्यातून उचलता येणार २४ लाखच. ‘माझी लिमिट तीसची आहे’ असं म्हणून चेक फाडला आणि तो परत आला, की दोष बँकेचा नसतो.

कचेऱ्यांमध्ये हाच शब्द वेगवेगळ्या मराठी नावांनी वावरतो. महावितरणच्या बिलावर ‘मंजूर भार’ छापलेला असतो, तो म्हणजे सँक्शन्ड लोड. नगरपालिकेत ‘मंजूर नकाशा’, म्हणजे सँक्शन्ड प्लॅन. सर्वोच्च न्यायालयात २०१९ मध्ये सरन्यायाधीशांसह ३४ न्यायाधीशांची पदं मंजूर झाली, ही झाली सँक्शन्ड स्ट्रेंग्थ. प्रत्यक्षात एखाद्या दिवशी किती न्यायाधीश कामावर आहेत, हा आकडा वेगळा असू शकतो. सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्त्याला आधी प्रशासकीय मान्यता मिळते, म्हणजे काम करायचं आणि त्याला इतका खर्च करायचा हे तत्त्वतः ठरतं. मग तपशीलवार अंदाजपत्रक तयार होतं आणि सक्षम अभियंता त्याला तांत्रिक मान्यता देतो. इंग्रजीत ती टेक्निकल सँक्शन. मग निविदा, मग कार्यारंभ आदेश. निवडणुकीच्या तोंडावर ‘रस्ता मंजूर’ असे फलक लागतात ते यातल्या नेमक्या कोणत्या पायरीवर, हे विचारणारा मतदार क्वचितच भेटतो. आणि ‘कार्योत्तर मंजुरी’ तर आपल्याला पाठच आहे: काम आधी उरकायचं, सही मागाहून.

आता दुसरा अर्थ. होकाराच्या या शब्दाला शिक्षेचा अर्थ चिकटला कसा? शिक्षेचा अर्थ नंतर कुणी उलटा करून चिकटवलेला नाही. दोन्ही अर्थ मुळातच एका घरातले आहेत.

लॅटिनमध्ये ‘सांकिरे’ असं क्रियापद होतं. अर्थ साधारण असा की एखादी गोष्ट पवित्र, म्हणजे मोडता न येणारी ठरवणं. ‘सेंट’, ‘सँक्चुअरी’ हे शब्द त्याच कुळातले. रोमन लोकांसाठी कायदा करणं म्हणजे त्याला असं अभंग करणं. पण नुसतं ‘हे मोडायचं नाही’ म्हणून कोण ऐकतो? म्हणून कायद्याच्या मजकुरात एक भाग असायचा, मोडणाऱ्याचं काय होईल हे सांगणारा. त्या भागाचं नाव होतं ‘सांक्तिओ’. इसवी सन ५३३ मध्ये सम्राट जस्टिनियनने कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी जे पाठ्यपुस्तक लागू केलं, त्यात हे अगदी उघड लिहिलंय. नगराची तटबंदी आणि वेशीचे दरवाजे ‘सांक्त’, म्हणजे पवित्र, अभंग आहेत, कारण त्यांच्यावर हात टाकणाऱ्याला देहदंड आहे. आणि म्हणूनच, कायदा मोडणाऱ्यांना दंड सांगणाऱ्या कायद्याच्या भागांना आम्ही ‘सांक्तिओ’ म्हणतो, असं तिथे पुढे येतं.

म्हणजे कायद्यावर उमटवलेली मान्यतेची मोहोर आणि त्या मोहोरेमागचा धाक, दोन्हीला एकच नाव. पुढे इंग्रजीने दोन्ही टोकं वेगवेगळी वापरायला सुरुवात केली. युरोपच्या इतिहासात ‘प्रॅग्मॅटिक सँक्शन’ भेटतं. ऑस्ट्रियाच्या सहाव्या चार्ल्सने १७१३ मध्ये आपलं राज्य अखंड राहावं आणि मुलगा नसेल तर ते मुलीकडे जावं म्हणून काढलेला तो हुकूम. तिथे सँक्शन म्हणजे ना मंजुरी ना निर्बंध, सरळ राजाज्ञा. हा तिसरा अर्थ आता इतिहासाच्या पुस्तकापुरता उरलाय. ज्या मुलीसाठी हे सगळं केलं ती मारिया थेरेसा गादीवर आली तेव्हा युरोपातल्या अनेकांनी त्या हुकुमाला दिलेली संमती गुंडाळून ठेवली आणि १७४० ते १७४८ युद्ध चाललं. मोहोर होती, धाक नव्हता.

एलएलबीच्या पहिल्या वर्षाला असलेल्यांना हा शब्द इंग्लिश कायदेतज्ज्ञ जॉन ऑस्टिनमुळे भेटतो. कायदा म्हणजे सार्वभौम सत्तेची आज्ञा आणि ती मोडल्यास होणारं अनिष्ट म्हणजे सँक्शन, अशी त्याची १८३२ सालची मांडणी. त्याच्याआधी इंग्लिश विचारवंत जेरेमी बेंथमने हा शब्द बराच सैल वापरला होता. माणसाला वळण लावणारी चार सँक्शन्स त्याने सांगितली: निसर्गाचं, राज्याचं, लोकमताचं आणि धर्माचं. त्यात दुःखाबरोबर सुखही होतं, धाकाबरोबर आमिषही. समाजशास्त्राने बेंथमची वाट धरली, म्हणून एमपीएससी-यूपीएससीच्या नोट्समध्ये ‘पॉझिटिव्ह सँक्शन’ आणि ‘निगेटिव्ह सँक्शन’ अशी जोडी दिसते. पहिलं म्हणजे शाबासकी, दुसरं म्हणजे शिक्षा. कायद्याचा विद्यार्थी ‘पॉझिटिव्ह सँक्शन’ ऐकून चक्रावतो, आणि त्याचं चक्रावणं रास्त आहे.

या समाजशास्त्रीय अर्थासाठी लांब जायची गरज नाही. गावाने किंवा जातपंचायतीने एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकणं, म्हणजे दुकानात किराणा नाही, लग्नाचं आमंत्रण नाही, मयतीला खांदा नाही, हे सोशल सँक्शनचं सर्वांत जहाल रूप. आता इंग्रजी कसं घसरतं बघा. ‘द बॉयकॉट हॅड द सँक्शन ऑफ द पंचायत’ म्हणजे बहिष्काराला पंचायतीची मान्यता होती. ‘द बॉयकॉट वॉज द सँक्शन’ म्हणजे बहिष्कार हीच शिक्षा होती. दोन्ही वाक्यं एकाच घटनेबद्दल असू शकतात आणि दोन्ही खरी असू शकतात. महाराष्ट्राने या प्रकाराविरुद्ध खास कायदा केला तो २०१६ चा. जुलै २०१७ पासून तो लागू आहे, आणि बहिष्कार टाकणाऱ्याला त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. ऑस्टिनच्या भाषेत हे त्या कायद्याचं सँक्शन.

बातम्यांमधले ‘सँक्शन्स’ मात्र विसाव्या शतकातले. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघ स्थापन झाला आणि युद्ध पुकारणाऱ्या देशाला सैन्याने नव्हे तर व्यापार तोडून वठणीवर आणायचं, ही कल्पना पुढे आली. १९३५ मध्ये इटलीने इथिओपियावर हल्ला केला तेव्हा तिची पहिली मोठी परीक्षा झाली. पन्नासच्या आसपास देशांनी इटलीवर आर्थिक बंधनं घातली. पण तेल वगळलं आणि सुएझ कालवाही उघडा ठेवला. रणगाडे तेलावरच चालतात, तेव्हा पुढे काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको. मे १९३६ मध्ये आदिस अबाबा पडलं आणि जुलैमध्ये निर्बंधच उठवण्यात आले.

आज संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध सनदेच्या ४१ व्या कलमाखाली लागतात. गंमत म्हणजे त्या कलमात ‘सँक्शन्स’ हा शब्दच नाही. तिथे ‘सशस्त्र बळाचा वापर नसलेले उपाय’ असं लिहिलंय. सगळं जग ज्याला सँक्शन्स म्हणतं, त्याला सनद ‘उपाय’ म्हणते.

आपल्या देशाने हा अर्थ स्वतःच्या अंगावर झेलला तो १९९८ मध्ये. ११ आणि १३ मे रोजी पोखरणला अणुचाचण्या झाल्या आणि अमेरिकेने लगोलग निर्बंध लावले: मदत बंद, संरक्षण सामग्री बंद, जागतिक बँकेच्या कर्जांना विरोध. परकीय चलनाची सोय व्हावी म्हणून त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्टेट बँकेने अनिवासी भारतीयांसाठी रिसर्जंट इंडिया बाँड आणले आणि सुमारे ४.२ अब्ज डॉलर उभे केले. हे निर्बंध अमेरिकेने सप्टेंबर २००१ मध्ये उठवले. त्या दिवसांतल्या इंग्रजी पेपरात आतल्या पानावर ‘सँक्शन’ म्हणजे एखाद्या धरणाला मंजुरी आणि पहिल्या पानावर ‘सँक्शन्स’ म्हणजे वॉशिंग्टनचा बडगा, असं एकाच अंकात सहज जमून यायचं.

वाचताना फरक ओळखायचा कसा? नाम असेल तर फार अवघड नाही. निर्बंध बहुधा अनेकवचनात येतात, मंजुरी एकवचनात. मंजुरी ‘अकॉर्ड’ करतात, ‘ग्रँट’ करतात, ‘ऑब्टेन’ करतात. निर्बंध ‘इम्पोज’ करतात, ‘लिफ्ट’ करतात, ‘ईझ’ करतात किंवा चुकवतात. मंजुरीमागे ‘फॉर’ किंवा ‘टु’ येतं, निर्बंधांमागे ‘ऑन’ किंवा ‘अगेन्स्ट’. ‘सँक्शन फॉर द प्रोजेक्ट’ आणि ‘सँक्शन्स ऑन रशिया’ यात गोंधळायला फारशी जागा नाही.

खरी पंचाईत क्रियापदाची आणि त्यापासून झालेल्या विशेषणाची. ‘टु सँक्शन’ म्हणजे मान्यता देणं, हा वापर अठराव्या शतकापासूनचा. ‘टु सँक्शन’ म्हणजे शिक्षा करणं, निर्बंध घालणं, हा वापर विसाव्या शतकाच्या मध्याला रुळला आणि काही संपादक तो अजूनही टाळतात. त्यांच्या हट्टात तथ्य आहे असं माझं मत. ‘स्टेट-सँक्शन्ड व्हायलन्स’ म्हणजे राज्यसत्तेचा वरदहस्त असलेली हिंसा. ‘यूएस-सँक्शन्ड टँकर’ म्हणजे अमेरिकेने काळ्या यादीत टाकलेलं तेलवाहू जहाज. रचना अगदी सारखी, अर्थ विरुद्ध. ‘यूएन-सँक्शन्ड फोर्स’ ही बहुधा संयुक्त राष्ट्रांची परवानगी असलेली फौज, पण ‘यूएन-सँक्शन्ड जनरल’ हा बहुधा निर्बंधाच्या यादीतला माणूस. इथे व्याकरण मदतीला येत नाही. जहाज, जनरल, कंपनी, बँक असेल तर निर्बंध, आणि कृती, योजना, स्पर्धा, मोहीम असेल तर मान्यता, असा ढोबळ अंदाज बांधता येतो. दहातल्या दोन-तीन वेळा तोही चुकेल.

क्रिकेटच्या चाहत्यांना दोन्ही अर्थ एकाच मैदानात सापडतात. षटकांची गती संथ राखली म्हणून संघाला दंड होतो, तेव्हा आयसीसीच्या पत्रकात हमखास येतं की मॅच रेफरीने सुचवलेलं ‘सँक्शन’ कर्णधाराने मान्य केलं, त्यामुळे सुनावणीची गरज उरली नाही. म्हणजे शिक्षा कबूल केली. पण ‘सँक्शन्ड टूर्नामेंट’ म्हणजे मान्यताप्राप्त स्पर्धा. २००७ मध्ये इंडियन क्रिकेट लीग सुरू झाली तेव्हा बीसीसीआयने तिला मान्यता दिली नाही आणि तिथे खेळायला गेलेल्यांवर बंदी घातली. इंग्रजीत हे असं सांगता येईल की अनसँक्शन्ड लीगमध्ये खेळले म्हणून खेळाडू सँक्शन झाले.

आपल्या कोर्टकचेरीच्या बातम्यांतही एक अशीच जागा आहे. सरकारी सेवकावर कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याबद्दल खटला चालवायचा तर काही वर्गांच्या बाबतीत सरकारची पूर्वमंजुरी लागते. ती पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १९७ व्या कलमात होती, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या २१८ व्या कलमात आहे. नव्या कलमात सरकारला १२० दिवसांची मुदत घातलीय. तेवढ्यात निर्णय झाला नाही तर मंजुरी मिळाली असं धरलं जातं. लाचखोरीच्या प्रकरणांसाठी भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याचं १९ वं कलम वेगळं आहे. इंग्रजी बातमीत ‘सँक्शन अगेन्स्ट द ऑफिसर’ असं वाचलं की वाटतं साहेबांवर कारवाई झाली. झालेली नसते. कारवाई करायला परवानगी मिळालेली असते, आणि तिथून निकालापर्यंतचा रस्ता किती लांबचा असतो ते सांगायला नको. वर सांगितलेला ‘अगेन्स्ट’चा नियम इथे उताणा पडतो, हेही लक्षात घ्या.

शेजारच्या शब्दांचीही सरमिसळ होते, पण ती थोडक्यात निस्तरता येते. एम्बार्गो म्हणजे एखाद्या मालाचा किंवा देशाशी असलेला व्यापारच रोखणं. सँक्शन्सची ती एक जात आहे. टॅरिफ म्हणजे आयातशुल्क: माल येऊ द्यायचा, पण महाग करून. ऑगस्ट २०२५ मध्ये रशियन तेल घेतो म्हणून अमेरिकेने भारतीय मालावर जादा २५ टक्के शुल्क लावलं, त्याला अनेकांनी सँक्शन्स म्हटलं. हेतू दंडाचा असला तरी ते होतं शुल्कच. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रोसनेफ्ट आणि लुकॉइल या रशियन कंपन्यांवर अमेरिकेने जे लावले, ते खरे सँक्शन्स. अशा यादीत नाव गेलं की त्या कंपनीची अमेरिकेतली मालमत्ता गोठते आणि अमेरिकी माणसाला, बँकेला तिच्याशी व्यवहार करता येत नाही. बिगर-अमेरिकी बँकाही हात आखडतात, कारण डॉलरचे व्यवहार फिरून न्यूयॉर्कच्या बँकांतून जातात आणि यादीतल्या कंपनीशी संबंध ठेवला तर आपलंही नाव त्यात जाईल ही भीती असते. असा संबंध ठेवणाऱ्या तिसऱ्यावर लागणाऱ्या निर्बंधांना ‘सेकंडरी सँक्शन्स’ म्हणतात.

मराठीतून इंग्रजीत जाताना खड्डा दुसऱ्या बाजूला असतो. ‘निर्बंध’ आपण कशालाही म्हणतो. कोविडच्या काळातले निर्बंध, गणेशोत्सवात डीजेवरचे निर्बंध, धरणक्षेत्रातल्या बांधकामावरचे निर्बंध. हे सगळे ‘रिस्ट्रिक्शन्स’. ‘कोविड सँक्शन्स’ लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल विषाणूला शिक्षा झाली. कुणी नियम मोडला म्हणून त्याला धडा शिकवायला जे लावतात, तेवढेच सँक्शन्स.

भारतातल्या ऑफिसात ‘किंडली सँक्शन माय लीव्ह’ लिहायला काही हरकत नाही, सगळ्यांना कळतं. परदेशातल्या साहेबाला लिहायचं असेल तर ‘अप्रूव्ह’ लिहा. आणि ‘द मॅनेजमेंट हॅज सँक्शन्ड मिस्टर अमुक’ असं वाक्य तर कुठेच लिहू नका. त्या अमुकला बढती मिळाली की मेमो, हे चहाच्या टपरीवर जाऊन विचारावं लागेल.